डावीकडचं दार

लायडन, १८ जून २०२५

चि. पुष्कर, आणि पुष्करसारख्या, मेजवानी संपली की ज्यांच्या हातात गाडीची किल्ली कोंबली जाते अशा सगळ्या न पिणाऱ्या लेकरांनो,

अनेक आशीर्वाद. तुमचं गाऱ्हाणं मला ठाऊक आहे. जेवताना तुमची थट्टा होते आणि निघताना मात्र तुमचीच आठवण येते. बाकीचे हसत मागे बसतात, हातातला बिअरचा कॅन सांभाळत. पुढे तुम्ही, दोन्ही हात स्टिअरिंगवर. गाडीत वास त्यांचा, गाणी त्यांची, गप्पा त्यांच्या, आणि काही बिघडलं तर नाव तुमचं. हा कुठला न्याय?

हसू नकोस, पुष्कर. मला साधं पत्र लिहिता येत नाही, लिहायला बसले की भाषणच होतं, हे तुझे बाबा शाळेपासून सांगत आले. पण आज कारण आहे. काल अवनीने मंजूषाला फोनवर सांगितलं की रविवारी न्यूनेनच्या सहलीवरून परतताना तुझ्या गाडीच्या दारावर आपटून एक सायकलवाली बाई पडली, तिचं मनगट मोडलं, आणि तेव्हापासून आपला नवरा घरात असून नसल्यासारखा आहे. मी फोन घेणार होते, पण घेतला नाही. फोनवर तू सगळं ठीक आहे म्हणणार, मी बरं बरं म्हणणार, आणि दोघंही खोटं बोलून चहा प्यायला जाणार. कागदावर माणसाला थोडं थांबावं लागतं. म्हणून कागद.

मंजूषाकडे, लेकीच्या घरी, येऊन मला दोन महिने झाले, पण इथल्या उजेडाची अजून सवय होत नाही. जेवण उरकून खिडकीत बसते तरी आभाळ ताकासारखं पांढुरकं, दिवस जायला तयार नाही. खाली कालव्यात बांधलेल्या होडीच्या टपावर एक राखी बगळा तासन्‌तास उभा असतो, कशाला आलो होतो हेच विसरल्यासारखा. काल त्याच्याकडे बघता बघता डोळा लागला आणि स्वप्नात कालव्यावरून एक मोटार तरंगत गेली. आत सगळे खिदळत होते. पुढची जागा रिकामी. मी काठावरून ओरडत होते आणि माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. माझा आवाज, पुष्कर! भर बाजारात माइकशिवाय सभा घेतलेल्या बाईचा!

तेव्हा सांग. गाडीत कोण होतं? पीत होते का? दार कसं उघडलं गेलं? सविस्तर लिही.

माझा लोभ मागून मिळत नाही, पण खऱ्या उत्तरावर तो भाळतो.

तुझी आत्या,
सुहासिनी


फेल्डहोवन, २१ जून २०२५

ती. सुहासिनीआत्यास पुष्करचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र ईशानीने दारातून उचललं, आधी हुंगलं आणि मला डचमध्ये विचारलं की या पाकिटाला उदबत्तीचा वास का येतो. मी मराठीत सांगितलं की आत्याआजी रागावली की उदबत्ती लावते. तिला ते पटलं.

तू विचारलंस ते क्रमाने सांगतो. आमच्या मंडळाची उन्हाळी सहल होती. न्यूनेनच्या बाहेर लिंडनच्या झाडांखाली पावभाजी, डब्यातला आमरस, पोरांची लगोरी. निघालो तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते, पण ऊन आपल्याकडच्या चारचं. माझ्या गाडीत मागे विश्वास, त्याची बायको सलोनी आणि जयप्रकाशदादा. दादाला तू मागच्या खेपेला गणपतीत भेटली होतीस: मंडळाचा अध्यक्ष, ऑफिसात माझा टीम लीड. मी या देशात आलो त्या दिवशी स्टेशनवर घ्यायला आला आणि मला कुडकुडताना बघून अंगातला कोट काढून दिला, तो हाच.

हो, तिघंही पीत होते. आणि हो, इथे ते चालतं. मी चौकशी करून ठेवली आहे. मोजतात ते चालकाचं रक्त. मागे बसलेल्याने कॅन उघडला तर तो गुन्हा नाही, त्याने चालकाला अडथळा करू नये एवढंच. तेव्हा तुझ्या पहिल्या प्रश्नावर तरी मी निर्दोष आहे.

आणि एक सांगू? तू समजतेस तसं मला त्याचं गाऱ्हाणं नाही. मला ती वेळ आवडते. सुरुवातीला गाडीत गलका असतो, मग एकेक आवाज विरत जातो. कुणी काचेला डोकं टेकतं, कुणाचं गाणं अर्ध्या ओळीवर झोपून जातं. बाहेर मक्याची कोवळी शेतं, त्यांच्यावर सोनेरी धूर असावा तसा उजेड, चरांमधून बदकं आपापल्या घरी चाललेली. त्या वेळी गाडीची नाव होते. सगळ्यांची स्वप्नं काठोकाठ भरलेली आणि मी ती हिंदकळू न देता नेतोय. एकटा जागा. वाटतं, घर अजून थोडं लांब असतं तर बरं.

विश्वासचं घर आधी आलं. मग दादाचं. मी रस्त्याच्या कडेला गाडी लावली. दार उघडलं गेलं आणि मागून येणारी सायकल त्यावर आदळली. मागच्या दाराच्या कडेत तिचं हँडल अडकलं आणि बाई उडून पडली. मी दार उघडलं होतं, मागे न बघता. तिला तिथेच तसं सांगितलं.

योगायोग असा की ती ईशानीची पोहण्याची शिक्षिका निघाली. नेलेके तिचं नाव. इथे पोरांना कपडे आणि बूट घालून पोहून दाखवल्याशिवाय प्रमाणपत्र देत नाहीत, कारण गावागावात पाणी आहे आणि पाण्यात पडणारा पोहण्याचे कपडे घालून पडत नाही. नेलेके आता प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून काठावर उभी राहते आणि नुसत्या आवाजाने पोरांना पोहायला लावते. सहा आठवडे तिला पाण्यात उतरायचं नाही.

गाडीचा विमा आहे, ते भरपाई देतील. त्यांना माझा लेखी जबाब चार जुलैपर्यंत पाठवायचा आहे. म्हणजे सगळं ठीक आहे, आत्या. अवनी उगाच काळजी करते.

मंजूताईला नमस्कार. भाषण चालेल, अबोला नको. माया आहे तशी राहू दे.

तुझा,
पुष्कर


लायडन, २४ जून २०२५

चि. पुष्करास आशीर्वाद, कान धरून.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा डोळे मिटून घ्यावेसे वाटले, इतकं ते गोड होतं. दुसऱ्यांदा चष्मा लावून वाचलं.

मला एवढंच सांग, गाडी चालवणारा माणूस मागच्या दाराने कधीपासून उतरायला लागला?

बायकोच्या प्रश्नांना उडवून लावता येतं. मी चाळीस वर्षं ग्रामसभांमध्ये सरपंचांची उत्तरं ऐकली आहेत. 'उघडलं गेलं' अशी वाक्यं आली की मी समजते, करणाऱ्याला कुठेतरी लपवलं आहे.

आता कायद्याचं. तुझ्या इथला कायदा चालकाचं रक्त मोजतो आणि थांबतो. ठीक आहे. कायद्याने कुठेतरी थांबावंच लागतं. पण माणसाने तिथेच थांबावं असं कुठे लिहिलं आहे? तूच नाव म्हणालास. मग ऐक. उतारू पाण्यात पडला तर नावाड्याला मी कोरडा होतो असं म्हणून मोकळं होता येत नाही. गाडीत बसलेला माणूस नीट उतरून फाटकाच्या आत जाईपर्यंत चालकाच्या पदरात असतो. हे मी कुठल्याही कोर्टात उभी राहून म्हणेन. तेव्हा निर्दोष हा शब्द तू फार लवकर खिशात घातलास.

मंजूषा म्हणते, आई, त्याला घाबरवू नकोस. मी तिला म्हटलं की घाबरलेला तो आधीच आहे, मी फक्त दिवा लावतेय.

उलट टपाली लिही. या खेपेला करणाऱ्यासकट.

राग आणि लोभ एकाच पाकिटात पाठवत आहे. दोन्ही ठेवून घे.

सुहासिनीआत्या


फेल्डहोवन, २७ जून २०२५

ती. आत्यास नमस्कार, वि. वि.

दार मी उघडलं नाही. दादाने उघडलं.

हे लिहिलं आणि बाहेर जाऊन आलो. घरामागच्या सायकलवाटेवर एक म्हातारं जोडपं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून सायकली चालवत गेलं, पाण्यावरून जावं इतकं सावकाश. त्यांना बघत किती वेळ उभा होतो कोण जाणे. हल्ली माझं असंच होतं. उभा राहिलो की राहतोच.

विश्वास आणि सलोनी उतरल्यावर मागे दादा एकटा होता, उजव्या खिडकीशी. फुटपाथ उजवीकडे, उजवं दार त्याच्या कोपराला लागून. पण गाडी थांबली तसा तो अख्खी सीट सरकत सरकत पार डावीकडे गेला आणि डावं दार ढकललं. तुझ्या लक्षात येईल. आपल्याकडे फुटपाथ डावीकडे. जन्मभर रिक्षातून, टॅक्सीतून डावीकडेच उतरलो. इथे येऊन वीस वर्षं झाली तरी पोटात दोन घोट गेले की शरीर मायदेशी जातं. आमच्यातल्या सगळ्यांचं होतं हे. म्हणून मी गाडी थांबवण्याआधी नेहमी मोठ्याने सांगतो की उजवीकडून उतरा. पोरं माझी नक्कल करतात, इतकं सांगतो.

त्या दिवशी सांगितलं नाही. उजेड बघत होतो, आत्या. त्याच्या गल्लीतल्या सगळ्या खिडक्या पेटल्यासारख्या झाल्या होत्या. मला बोलावंसंच वाटलं नाही.

नेलेके जमिनीवरून विचारत होती की कुणी उघडलं. दादा दाराशी, हातात कॅन. माझ्या तोंडून निघून गेलं, मी. मला कुणी तसं सांगायला लावलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात दादाने मला बाजूला घेतलं आणि म्हणाला की तू केलंस ते लाखमोलाचं, तू शुद्धीवर होतास, तुला कोण काय विचारणार, आणि विमा तर गाडीचाच आहे. मग म्हणाला की इरावतीवहिनींना त्याने यंदा गुढीपाडव्याला शब्द दिला होता, पुन्हा थेंब घेणार नाही म्हणून. वहिनी सहलीला नव्हत्या. आता कळलं तर त्या नाशिकला बहिणीकडे निघून जातील, या वेळी खरोखरच. विमा कंपनीच्या जबाबातही मी तेच लिहावं, एवढंच त्याचं मागणं. मी हो म्हणालो.

मला वाटलं होतं की हे इथेच मिटेल. पण नेलेकेने ईशानीला तलावाच्या काठावर सांगितलं की तुझ्या बाबांनी लगेच स्वतःची चूक कबूल केली, अशी माणसं फार थोडी असतात. ईशानीच्या वर्गात सोमवारी सकाळी सगळी मुलं गोल करून बसतात आणि सुट्टीतलं काहीतरी सांगतात. तिने सांगितलं की माझे बाबा खोटं बोलत नाहीत. घरी येऊन तेच वाक्य तिने आम्हाला डचमध्ये म्हणून दाखवलं, उभं राहून, कविता म्हणतात तसं. अवनी टाळ्या वाजवणार होती, पण माझ्याकडे बघून थांबली. अवनीला मी त्या रात्री सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली की निर्णय तुझा, पण ईशानीसमोर मला हसायला लावू नकोस.

परवा विश्वासने दादाला घरी सोडलं. मी मागच्या गाडीत होतो. दादाच्या हातात पुन्हा कॅन होता आणि तो पुन्हा डावीकडूनच उतरला. त्या वेळी रस्ता रिकामा होता.

तूच लिहिलंस की फाटकापर्यंत उतारू चालकाच्या पदरात असतो. मग मी दोष घेतला यात चुकलं काय? बोलायचं विसरलो तो मी. तुझ्याच न्यायाने दोष माझा नाही का? शुक्रवारी, चार तारखेला, जबाब पाठवायचा आहे. मी तसाच पाठवीन म्हणतो.

एवढं वाचूनही माझ्यावर माया राहिली असेल तर दोन ओळी लिही.

पुष्कर


लायडन, ३० जून २०२५

चि. पुष्करास पोटभर आशीर्वाद.

दोन ओळींत माझं काय होणार?

तुझं पत्र आलं तेव्हा मी बाहेर होते. इथल्या भिंतींवर जगभरच्या भाषांतल्या कविता रंगवल्या आहेत. ज्या भाषेचं एक अक्षर मला कळत नाही तिच्यासमोरही मी उभी राहते, देवळात गेल्यासारखी. लिंडनला बहर आलाय, सगळ्या गावाला मधाचा वास येतो, माणसं त्या वासातून पोहत गेल्यासारखी सायकली हाकतात. घरी येऊन पाकीट फोडलं, आणि मधाचा वास गेला.

पुष्कर, माझंच वाक्य तू माझ्या अंगावर फेकलंस. बरं केलंस. वाक्य खरं आहे, मी ते मागे घेणार नाही. उतारू तुझ्या पदरात होता. तू बोलायला हवं होतंस, बोलला नाहीस, तो दोष तुझा. तो कबूल कर, मोठ्याने कर, मी टाळ्या वाजवीन. पण पदरात घेणं म्हणजे त्याचे हात कापून आपल्या खांद्याला जोडणं नव्हे. दार ढकललं तो हात जयप्रकाशचा आहे. दोष वाटून घेता येतो, बाळा. दुसऱ्याचा उचलून नेला तर ती चोरी होते, आणि चोरलेल्या दोषावर तू लेकीची शाबासकी मिळवतो आहेस.

आमच्या गावात दारूच्या दुकानावर मतदान झालं ते तुला आठवत नसेल, तू लहान होतास. दुकान बंद हवं तर आडव्या बाटलीवर शिक्का, चालू हवं तर उभ्या. मी आडव्या बाटलीसाठी घरोघर फिरले. खालच्या आळीत एक बाई होती. नवरा रोज संध्याकाळी पिऊन पडे, ती त्याला खांद्यावर घालून आणी आणि शेजारणींना सांगे की पाय घसरला. सगळं गाव तिला देवी म्हणे. मला वाटलं, पहिलं मत हिचंच. मतदानाच्या दिवशी ती उंबऱ्याबाहेर आलीच नाही. मी तरातरा तिच्या घरी गेले. तिने मला पाट दिला, पाणी दिलं, आणि शांतपणे म्हणाली की ताई, तो शुद्धीवर आला तर त्याला माझं काय काम?

माझ्याकडे पिणाऱ्यांसाठी भाषण होतं, दुकानदारासाठी होतं, मंत्र्यांसाठी तर तीन होती. तिच्यासाठी एकही नव्हतं. ते भाषण आज तुला करतेय.

सगळे झोपलेले असताना एकट्याने जागं असणं, सगळ्यांची स्वप्नं न सांडता नेणं, घर आणखी लांब असावंसं वाटणं, हे तू लिहिलंस ना? फार सुंदर लिहिलंस. तीही नशाच आहे. ती रक्तात सापडत नाही म्हणून कोणी मोजत नाही. तिच्याच भरात तू त्या दिवशी गप्प राहिलास, आणि तिच्याच भरात 'मी' म्हणालास. जयप्रकाशला तू वाचवलं म्हणतोस? त्याला एकदाच घाम फुटायला हवा होता, तो तू पुसून टाकलास. परवा तो पुन्हा डावीकडून उतरला, रस्ता रिकामा होता म्हणून निभावलं. पुढच्या वेळी त्या वाटेवरून कुणाची ईशानी सायकलवरून येत असेल.

इरावतीचं तू मनाला लावून घेऊ नकोस. तिला दिलेला शब्द त्या कॅनने मोडला, तुझ्या खरं बोलण्याने मोडणार नाही. ती नाशिकला जाईल किंवा राहील. ते तिने खरं ऐकून ठरवावं, तू आणि जयप्रकाशने ऑफिसच्या कोपऱ्यात ठरवू नये. एका बाईचं भविष्य तिच्या पाठीमागे सांभाळणारे पुरुष मी खूप पाहिले, त्यांतला एकही तिला विचारून सांभाळत नव्हता.

आणि तो कोट. मला माहीत आहे, तुझं सगळं तिथे अडलंय. परक्या गावात ज्याने ऊब दिली त्याच्याविरुद्ध बोट कसं उचलायचं? उचलू नकोस बोट. त्याच्या खांद्यावर हात ठेव. तो वाईट माणूस नाही, घाबरलेला माणूस आहे. घाबरलेल्याला पाठीशी घालणं सोपं असतं, सोबत घेऊन जाणं कठीण. तू शुद्धीवर आहेस, कठीण ते तूच करायचंस.

मोडलेलं मनगट नेलेकेचं आहे. विमा पैसे देईल, पण ते कुणी मोडलं हे जाणण्याचा तिचा हक्क विमा भरून देऊ शकत नाही. तिने एका खोट्या माणसाचं कौतुक एका खऱ्या पोरीजवळ केलं आहे. तिची ती फसवणूक शुक्रवारी कागदावर सही होऊन पक्की होईल. त्याआधी तिने ऐकायला हवं. ईशानीला काय सांगायचं ते तू नेलेकेकडून परत आल्यावर तुला आपोआप कळेल, त्यासाठी आत्याच्या भाषणाची गरज पडणार नाही. ती रडेल, रुसेल, डचमध्ये काहीतरी कडक बोलेल. बोलू दे.

माझी माया मागितलीस. वेड्या, ती तू खरं लिहिलंस त्या ओळीलाच दुप्पट झाली. तुझीही माझ्यावर राहू दे, हे सगळं ऐकवल्यावरसुद्धा.

तुझी आत्या,
सुहासिनी

ता. क. हे पत्र बुधवारी तुला मिळेल. वाचून झालं की गाडी घरीच ठेव, चालत जयप्रकाशकडे जा, त्याला बाहेर बोलाव आणि तसेच दोघं नेलेकेच्या दारात जाऊन उभे राहा. बेल त्याला वाजवू दे.